माहेर तुटल्यावर

"बाप्तिस्मा घेतला म्हणून माहेर तुटलं, तरी येशूवर राग येत नाही का हो तुम्हाला?" उपासनेनंतर थांबलेल्या बायका विचारतात, शेजारणीही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: येतो. भाऊबीजेला तर हमखास येतो.

तो राग घेऊन मी बायबलमधल्या ८८व्या स्तोत्राकडे जाते. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. परमेश्वरा, मला का टाकलंस, असं विचारत ते अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवाशी असं भांडणं हीसुद्धा प्रार्थनाच. "विश्वास कमी पडतोय तुझा" असं म्हणणाऱ्यांनी ते एकदा मोठ्याने वाचावं.

पण मला धरून ठेवलं ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायाने. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचं? याचं की आईबापांचं? दुःख दिसलं की आपणही आधी हाच हिशेब मांडतो. येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. मग चौकशी लागते. आईबाप म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा. येशूला मानलं तर सभास्थानातून, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळातून, बाहेर काढतील, ही धास्ती होती त्यांना.

माझ्या बाप्तिस्म्यानंतर "मुलगी का येत नाही?" असं कुणी विचारलं की आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणायची, "तिचं तिला माहीत." मावशीने सांगितलं तेव्हा फार लागलं होतं. त्यामागची भीती मला या अध्यायाने दाखवली. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसलं, तेही मी आता आईच्या बाजूने वाचते.

शेवटी त्या माणसाला हाकलतातच. आणि पस्तिसावं वचन येतं: त्याला बाहेर घालवल्याचं येशूने ऐकलं, आणि त्याला गाठलं. पहिल्यांदा तो वाटेत दिसला होता, या वेळी येशू त्याच्यासाठी आला. येशूलाही त्याच्याच गावच्या नासरेथकरांनी गावाबाहेर काढलं होतं, कड्यावरून लोटायला निघाले होते. घरच्यांनी टाकलं म्हणजे देवाने टाकलं असं नाही, हे मला तिथे कळलं. दुःख का आलं, ते अजून कळलेलं नाही.

त्या माणसाचं आईबापांशी पुढे जमलं का, योहान लिहीत नाही. मी माझ्या आईसाठी ते रोज मागते.