हातमोजे आणि खरपूस बटाटा

प्रयोगशाळेतली माझी पहिली दोन वर्षं जेल ओतण्यात गेली. प्रथिनं वेगळी करायला पॉलिॲक्रिलामाइडचं जेल लागतं. दोन काचांच्या फटीत पिपेटनं पाण्यासारखं द्रावण सोडायचं, त्याआधी त्यात ते जमवायला मदत करणाऱ्या टेमेड या रसायनाचे थेंब टाकायचे, आणि मग काचा हळूच तिरक्या करून बघत बसायचं, जमलं की नाही. जमलं की ते निरुपद्रवी. जमण्याआधीचं ॲक्रिलामाइड मात्र मज्जातंतूंना घातक. पहिल्याच दिवशी मी हातमोजे न घालता बाटली उचलली, तर आमच्या सीनियर ताई एवढ्या ओरडल्या की शेजारच्या टेबलावरच्या मुलाच्या हातातली ट्यूब पडली.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी बटाट्याच्या फोडी चांगल्या लालसर होईपर्यंत तळल्या आणि खाल्ल्या. हाताला काही न लावता!

बाटलीत आणि त्या फोडींत रसायन एकच आहे, ॲक्रिलामाइड, हे मला पुढे एका सेमिनारमध्ये कळलं. स्वीडनमध्ये १९९७ साली हालांडसोस इथं रेल्वेचा बोगदा खणत होते. पाणी झिरपू नये म्हणून भेगांत ॲक्रिलामाइड असलेलं रसायन भरलं. ते ओढ्यात उतरलं, मासे मेले, गाईंचे पाय लुळे पडले. मग कामगारांचं रक्त तपासलं. ॲक्रिलामाइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतं, त्यामुळे तिथं त्याचा माग सापडतो. तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्या लोकांचंही रक्त घेतलं, आणि गंमत अशी की तो माग त्यांच्याही रक्तात निघाला. यांच्या अंगात हे आलं कुठून? उत्तर ताटात होतं. एप्रिल २००२ मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि स्वीडनच्या अन्न प्रशासनानं ते जाहीर केलं.

घडतं ते असं. बटाट्यात, धान्यात ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि ग्लुकोजसारख्या साखरा असतात. तापमान साधारण १२० अंशांच्या वर गेलं आणि ओलावा उडाला की त्यांची आपसांत रासायनिक क्रिया होऊन ॲक्रिलामाइड तयार होतं. भाजल्या-तळल्या पदार्थांना रंग आणि वास देणारी मेयार अभिक्रिया ती हीच. म्हणून उकडलेल्या बटाट्यात हे जवळजवळ नसतंच; पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊच देत नाही. आणि म्हणून 'करपलेलं तेवढं खाऊ नका' हा सल्ला अर्धवट आहे. करपण्याच्या खूप आधी, खरपूस होतानाच ते तयार व्हायला लागतं. कॉफीचं तर उलटंच: बिया भाजताना सुरुवातीला ते वाढतं आणि जास्त भाजल्यावर कमी होतं. काळीकुट्ट कॉफी पिणाऱ्या माझ्या वडिलांना मी हे सांगायला नको होतं.

मग घाबरायचं का? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ मध्येच ॲक्रिलामाइडला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. ते मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून, आणि त्या उंदरांना दिलेली मात्रा आपल्या जेवणातल्या मात्रेच्या कितीतरी पट होती. आहारातल्या ॲक्रिलामाइडमुळे माणसांना कर्करोग होतो, असं माणसांवरच्या अभ्यासांतून सातत्यानं दिसलेलं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात मात्र याचा माग इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तळलेल्या बटाट्यावर भाषण देऊन मग बाहेर झुरका मारायला जाणारे मी पाहिलेत.

मी एकदा कागदावर हिशोब मांडला. आमच्या बाटलीतलं द्रावण ३० टक्क्यांचं, म्हणजे लिटरला ३०० ग्रॅम. युरोपीय संघानं फ्रेंच फ्राइजसाठी ठरवलेली मार्गदर्शक पातळी किलोला ५०० मायक्रोग्रॅम. सहा लाख पटींचा फरक! ताईंचं ओरडणं रास्तच होतं. पण बाटली रोज कुणी पीत नाही आणि फोडी रोज खाल्ल्या जातात, म्हणून आकडा बघूनही मी पूर्ण निश्चिंत झाले नाही.

आता मी चिरलेला बटाटा अर्धा तास पाण्यात ठेवते. पाणी दुधट होतं. त्यातून पिष्ट जातं, थोडी साखरही जाते. मग फोडी फडक्यावर कोरड्या करून तळते आणि सोनेरी झाल्या की काढते. टोस्टरची चकती मी तीनवर लावते. वडील ती पाचवर नेतात. सकाळी मी पुन्हा तीनवर आणते. यावर आमच्यात एक शब्दही होत नाही.