टँकरच्या मागची पाटी

काल खोपोलीजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो, पुढे टँकर आणि त्याच्या पाटीवर १२०३. हा पेट्रोलचा यूएन नंबर (धोकादायक मालाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक), क्लोरीनचा १०१७. १९८४ ला भोपाळ झालं, मग १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, त्यात सेफ्टी शीट (रसायनाचे धोके आणि काय करायचं याची माहिती) आहे, पण ती शीट कारखान्याच्या फाइलीत आणि फायर ब्रिगेडवाला रस्त्यावर! पाटी चिखलाने माखलेली असली (बऱ्याचदा असतेच) तर संपलंच. सगळ्या शीट सरकारने एकाच ठिकाणी ऑनलाइन टाकाव्यात ना, मराठीत, मोबाइलवर उघडतील अशा, नंबर टाकला की पाणी मारायचं का फोम एवढं आधी दिसू दे, बाकी पुराण नंतर वाचू निवांत.