ताम्हिणी, दुसऱ्यांदा

जुलैत ताम्हिणी घाटात जायला पहिल्यांदा निघालो तेव्हा मुळशीच्या पुढे जाताच आलं नाही. पौड सोडलं आणि चिंगी, आमची साडेतीन वर्षांची देशी कुत्री, जांभया द्यायला लागली. मला वाटलं, झोप आलीये. मग ओठ चाटणं, कान मागे, आणि लाळेची तार थेट सीटकव्हरवर. धरणाच्या कडेच्या वळणांवर तीनदा उलटी झाली. शेजारी ब्रूनो, आमचा लॅब्रेडोर, काचेला नाक लावून खुशाल बसलेला. आम्ही गाडी वळवली. घरी आल्यावर चिंगी दोन दिवस पार्किंगकडे फिरकली नाही. उलट्यांपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांनी आधी माझी समजूत दुरुस्त केली. "ताई, ती जांभई झोपेची नाही, मळमळीची. आणि आता तिला गाडी दिसली तरी मळमळेल. आधी भीती घालवा."

मग पाच आठवडे रोज संध्याकाळी तेच. पहिले काही दिवस गाडी बंद, दारं उघडी, आत तिची जुनी गोधडी आणि उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. ती पुढचे पाय आत ठेवायची, तुकडा घ्यायची आणि उतरायची. मी ओढलं नाही. चढली तेव्हा इंजिन सुरू करून नुसते बसलो. मग कोपऱ्यापर्यंत, मग चांदणी चौकापर्यंत, मग पौडपर्यंत. एकदा घाई करून मी दोन टप्पे एकाच दिवशी केले, तर लाळ परत सुरू. चार दिवस मागे जावं लागलं.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा निघालो. रात्रीनंतर पोटभर खाणं नाही. निघायच्या दोन तास आधी डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलेली मारोपिटंटची, म्हणजे कुत्र्यांच्या उलटीवरची, गोळी, घासभर भाताबरोबर. (माणसांची उलटीची गोळी मनाने देऊ नका, कुत्र्याचा डोस वेगळा असतो.) गळ्यात पट्टा नाही, छातीला हार्नेस, तो सीटबेल्टला अडकवलेला. सीटखालची पोकळी उशा घालून भरली, म्हणजे वळणावर कोणी घरंगळत नाही. काच चार बोटं खाली. वारा हवा, पण डोकं बाहेर नको.

खरा फरक नवऱ्याच्या गाडी चालवण्याने पडला. घाटात वळणाआधीच वेग कमी, उतारावर दुसरा गिअर, ब्रेकला पाय कमीत कमी. दर झटक्याला कुत्र्याचं अख्खं अंग पुढे फेकलं जातं, हे मागे तिच्याजवळ बसल्यावरच कळतं. मागच्यांनी हॉर्न दिले, त्यांना जाऊ दिलं.

डोंगर सोनकीने पिवळे झाले होते. धबधबे बारीक, पण वाहते. एका मोकळ्या जागी थांबलो, तर कठड्यावर माकडांची रांग. लोक वेफर्स टाकतात म्हणून ती तिथेच बसलेली असतात. ब्रूनो भुंकला असता तर सगळी टोळी अंगावर आली असती, म्हणून न उतरता पुढे निघालो. पुढच्या थांब्यावर दोघं उतरली, पण दोरी हातातच. आजूबाजूला अभयारण्याचं जंगल आहे. आपल्या कुत्र्यांचे आजार तिथल्या प्राण्यांना लागू शकतात, त्यामुळे 'जरा मोकळं सोडूया' हे मला मुळीच पटत नाही. परत चढवताना कानांत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधल्या. ब्रूनोच्या उजव्या कानामागे एक सापडली, अजून चिकटलेली नव्हती.

चिंगीने घाटात दोनदा ओठ चाटले. दोन्ही वेळा थांबून दहा मिनिटं चालवलं, घोटभर पाणी दिलं. उलटी झाली नाही.

घाट उतरून खाली विळे गावाजवळ चहाला थांबलो. हवा दमट झाली होती, ब्रूनो सावलीत पसरला. निघायची वेळ झाली तशी मी मागचं दार उघडून, खिशातला चिकनचा तुकडा चाचपत, तिची वाट बघत उभी राहिले. तुकडा काढायच्या आतच चिंगी चढली आणि गोधडीवर दोन गिरक्या घेऊन बसली.