कूलरसोबत लागणारा खर्ज

मे महिन्यातली दुपार, पारा 45 च्या वर, आणि मी 22 किलोचा पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) पोटाशी धरून प्रतापनगरातल्या एका जुन्या घराचा जिना चढत होतो. असे दोन. घरोघरी म्युझिक सिस्टिम बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, पण नागपुरात उन्हाळ्यात जड माल दुपारी न्यायचा नसतो, हे दरवर्षी नव्याने शिकतो.

काका निवृत्त. त्यांच्याकडे चांगला एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-म्युझिकचा सगळा आवाज सांभाळणारा ॲम्पचा डबा, होता आणि त्यांनी हौसेने घेतलेले उंच फ्लोअरस्टँडिंग स्पीकर. स्पीकर 4 ओहमचे, सेन्सिटिव्हिटी 86 डेसिबल, म्हणजे पॉवर खाणारे. ख्याल ऐकताना सगळं ठीक चालायचं. तबल्याची जोरकस तिहाई आली की आवाज आवळल्यासारखा व्हायचा आणि रिसीव्हर तव्यासारखा तापायचा. मी आधीच सांगितलं होतं, "काका, 80 वॉटचे 160 केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा वाटायला दहापट पॉवर लागते. त्यासाठी पैसे घालू नका." त्यांना मोठा आवाज नकोच होता, मोकळा हवा होता. मग त्यावर उपाय असा: रिसीव्हरच्या प्री-आउटमधून, म्हणजे ताकद देण्याआधीचा, सिग्नल काढायचा आणि पुढचे दोन स्पीकर वेगवेगळ्या मोनो ॲम्पवर टाकायचे. अशा ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, साधारण 28 पट असतो. प्री-आउटचा 1 व्होल्ट आत गेला की 28 व्होल्ट बाहेर, म्हणजे 8 ओहमवर जवळपास 100 वॉट. अर्थात कचरा आत गेला तर तोही 28 पट होऊन बाहेर येतो.

आणि तो आलाच. सगळं जोडून चालू केलं तर दोन्ही स्पीकरमधून जाडजूड घुंऽऽऽ. आतल्या खोलीतून आजी, म्हणजे काकांच्या आई, म्हणाल्या, "तानपुरा कोणी लावला रे?"

काका मात्र हिरमुसले. "काऊन जी भाऊ, एवढे पैसे लावले अन् हे काय घुमून राहिलं?"

हे दुखणं मला पाठ आहे. जुना रिसीव्हर दोन पिनांचा, त्याला अर्थ नाही. नवे ॲम्प तीन पिनांचे, त्यांची बॉडी अर्थला. टीव्हीच्या केबलची जाळी बाहेर कुठेतरी खांबावर, गच्चीवर जमिनीला टेकलेली. केबल सेट-टॉप बॉक्समध्ये, बॉक्स एचडीएमआयने रिसीव्हरला, रिसीव्हर आरसीएने ॲम्पला, ॲम्प घराच्या अर्थला. झाला वेढा पूर्ण, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आरसीएच्या वायरीत सिग्नलचा परतीचा रस्ता आणि जाळी एकच असते, त्यामुळे तिथून वाहणारा 50 हर्ट्झचा प्रवाह सरळ संगीतात मिसळतो. मी केबलचा कनेक्टर सोडवायला हात घातला आणि काम संपल्यातच जमा धरलं.

कनेक्टर सुटताना बारीक ठिणगी उडाली आणि बोटांना चांगलाच चटका बसला.

हम, म्हणजे तो घुंऽऽऽ, थांबला होता. पण साध्या ग्राउंड लूपमध्ये ठिणगी उडत नाही हो. तिथे काही मिलिव्होल्टांचा मामला असतो.

घराचं वायरिंग बघणारा वायरमन तिथेच होता. त्याने पक्कड काढून मोकळेपणाने उपाय सांगितला, "ॲम्पची मोठी, अर्थची पिन तोडून टाकू. विषय कट." हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण धंद्यात नवा असताना मीही हेच करायचो. ग्राहक खूश, हम बंद, पैसे हातात.

मीटर काढला. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये 1-2 व्होल्ट दिसायला हवेत. दिसले 68. दोनदा मोजलं, प्रोब बदलून मोजलं. तेवढ्यात आजी म्हणाल्या, कूलर बंद करा जरा, त्याच्या आवाजात तुमचं काही ऐकू येत नाही. काकांनी खिडकीतल्या कूलरचं बटण दाबलं आणि माझ्या हातातला आकडा 68 वरून 3 वर आला.

पुन्हा लावा म्हटलं. फक्त पंखा: 3. पंप लावला: 68.

टाकीतला पंप आतून गळत होता. त्याची फेज पाण्यातून कूलरच्या लोखंडी पत्र्यात, पत्र्यातून घराच्या अर्थच्या तारेत. अर्थ धड असता तर तो प्रवाह जमिनीत गेला असता. पण अर्थिंगचा खड्डा फाटकापाशी, फरशीखाली, आणि त्यात कित्येक उन्हाळे कोणी तांब्याभर पाणी टाकलेलं नव्हतं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, तशी आतली मातीही सुकून इलेक्ट्रोडपासून सुटते. जमीन वीज घेईना, म्हणून घरातल्या प्रत्येक तीन पिनी वस्तूची बॉडी 68 व्होल्टवर बसलेली: फ्रिज, वॉशिंग मशीन, आणि आजपासून माझे दोन ॲम्प. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की मेन पाडणारा स्विच, नव्हताच.

"तुम्हाला कधी करंट लागला नाही?" मी विचारलं.

आजीच बोलल्या. "लागते नं. दोन वर्षं झाली सांगून राहिली. कूलरला हात लावला का झिणझिण्या येतात. म्हणून मी चप्पल घालूनच पाणी भरते."

काका तिच्याकडे बघतच राहिले. वायरमनने पक्कड खिशात ठेवली.

त्या दिवशी गाणं काही झालं नाही. पंप काढून फेकला; नवा साडेतीनशेला मिळाला. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं तेव्हा माती सूंऽऽ करत पीत होती. पुढच्या आठवड्यात वायरमननेच नवा इलेक्ट्रोड पुरला, मेनवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी बसवला आणि त्याचे पैसे कमी घेतले. एवढं करूनही कान लावला तर बारीक घुंऽ उरलाच होता, कारण तो वेढा कायम होता. केबलवर आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन जाळीचा जोड तोडणारा डबा, लावल्यावर तोही गेला. मग काकांनी भीमसेनजींचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. तबला उमटला तेव्हा त्यांनी सवयीने रिमोटकडे हात नेला आणि मग तो परत मांडीवर ठेवला.

घरी येऊन मी जुन्या कामांच्या वह्या काढल्या. पिन तोडल्याचं आठवतं अशी नऊ घरं सापडली. सहा ठिकाणी जाऊन प्लग बदलले, अर्थ मोजला. एकाने घर विकलं होतं. दोघं फोनवर म्हणाले, "चालू आहे नं भाऊ, कशाला हात लावता." त्यांना पावसाळ्याआधी परत फोन करायचा आहे.