नांग्यांचा गुंता: चिखलातल्या बिळांमागे एक सकाळ

चिखलात बिळं करून राहणाऱ्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या शोधात अमावास्येनंतरची ओहोटी धरून गेलो. भांगाच्या, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी फारसं मागे हटत नाही, खालच्या पट्ट्यातली बिळं झाकलेलीच राहतात. पाणी उतरत असतानाच चिखलात उतरा आणि भरती लागायच्या आत बाहेर या. संरक्षित किनारा असेल तर परवानगी आधीच काढा.

बिळातून प्राणी ओढून काढायचा पंप लावायची घाई नको, आधी बिळं बघा. ज्वालामुखीसारखा छोटा ढीग, टोकाला भोक आणि मधूनच उडणारी गढूळ पिचकारी असेल तर आत बहुधा घोस्ट श्रिम्प, म्हणजे कॅलिॲनासिडी कुळातला कोणीतरी. ढीग नाही, भोक गोल आणि भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत असेल तर उपोजेबियाचा, म्हणजे अशाच दुसऱ्या एका बिळकऱ्याचा, संशय घ्या. तो बिळात बसून पाणी गाळून खातो. पण हा संशयच, ओळख नव्हे.

माझी चूक इथे झाली. पंपाने ओढलेले तिन्ही प्राणी एकाच बादलीत टाकले. घाबरले की हे नांगी टाकून देतात. घरी पोहोचेपर्यंत तळाशी दोन मोठ्या नांग्या सुट्या पडल्या होत्या, कोणाची कोणती ते कळेना! प्रत्येकाला वेगळी बाटली, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. जिवंतपणीच फोटो काढा, अल्कोहोलमध्ये रंग उडतो. डीएनए हवा असेल तर ९५ टक्के इथेनॉल. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो.

जुन्या पुस्तकांत हे सगळे थॅलॅसिनिडिया या एकाच गटात सापडतील. आता ॲक्सिडिया आणि गेबिडिया असे दोन गट मानतात. नवखा माणूस मोठ्या नांगीवर भाळतो (मीही भाळलो), पण ती एकाच जातीत कधी उजवी असते, कधी डावी, आणि माद्यांत व पिल्लांत लहानच राहते. त्यापेक्षा पायांची दुसरी जोडी भिंगाखाली धरा. तिला नीट चिमटा असेल तर ॲक्सिडिया. गेबिडियातल्या उपोजेबियात ती साध्या टोकाची असते. मग डोळ्यांचे देठ, शेपटीचं मधलं पान आणि नराच्या पोटाखालच्या पायांची पहिली जोडी बघत जातीकडे जायचं.

एकाच्या कवचाची एक बाजू गालगुंड झाल्यासारखी फुगली होती. मला नवी जात सापडल्याचा आनंद झाला. कवच उचललं तर कल्ल्यांवर बोपिरिड आयसोपॉड, म्हणजे एक छोटा कवचधारी परजीवी, आरामात बसलेला.

तिसऱ्याच्या चिठ्ठीवर अजून फक्त कुळाचं नाव आहे, शेजारच्या बाटलीत दोन बेवारस नांग्या.