आयझेनहॉवर यांच्या आईच्या घरात एक उन्हाळा

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावात राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचं लहानपणीचं घर आहे. संग्रहालयशास्त्राचं शिक्षण झाल्यावर मी तिथे उन्हाळाभर स्वयंसेवक म्हणून वस्तूंच्या नोंदीचं काम केलं. तिथे नेमकं करतात काय, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घर साधं, पांढरं, दुमजली, लाकडी. 1898 मध्ये कुटुंब इथे राहायला आलं आणि सहा भाऊ इथेच लहानाचे मोठे झाले. वडील डेव्हिड 1942 मध्ये गेले, आई आयडा 1946 मध्ये. मग मुलांनी ते घर सामानासकट आयझेनहॉवर प्रतिष्ठानला दिलं. 1947 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि 1966 मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, म्हणजे सरकारी दस्तऐवज जपणाऱ्या संस्थेकडे आलं. घर मूळ जागेवरून कधी हललं नाही. संग्रहालय आणि ग्रंथालय नंतर आसपास उभं राहिलं.

आतलं सामान बहुतेक आयडाबाई होत्या तेव्हाचंच आहे, आणि मला या घराचं मोल त्यातच वाटतं. ड्वाइट यांचे लष्करी गणवेश आणि पदकं बघायची तर पलीकडे संग्रहालय आहे. घर आहे ते एका बाईच्या संसाराचं. वारशाच्या पैशांतून तिने लग्नाआधी घेतलेला काळा पियानो अजून बैठकीच्या खोलीत आहे.

सुरुवातीला वस्तूला हात कसा लावायचा, एवढंच शिकले. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवायचं. कापडाला धुतलेले, कोरडे हात चालतात. धातूला आणि फोटोंना हातमोजे हवेतच. शाईचं पेन आत न्यायचं नाही, सगळी नोंद पेन्सिलीने. वस्तू उचलण्याआधी ती कुठे टेकवायची, ती जागा मोकळी करून ठेवायची.

माझ्याकडे कापडं होती. त्यातला खुर्चीवर घालायचा क्रोशाचा एक रुमाल मी कधी विसरणार नाही. वरून पिवळट, ठिसूळ. हलकेच उलटा केला तर मागची बाजू अजून सायीच्या रंगाची! उजेडाने केलेलं नुकसान इतकं स्पष्ट मी आधी कधी पाहिलं नव्हतं. हे नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. म्हणून कापड-कागदाला साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, असा संकेत आहे.

‘जुना, थोडा खराब’ अशी नोंद तिथे चालत नाही. डाग कडेपासून किती मिलिमीटरवर, केवढा, कुठल्या रंगाचा. धागा तुटलाय की नुसता सैल झालाय, हे सगळं लिहायचं. अनेक वर्षांनी ती वस्तू हाती घेणाऱ्याला डाग वाढला की नाही, हे कळलं पाहिजे. फोटो काढताना शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. धूळ काढायची ती कापडावर नायलॉनची जाळी धरून, अगदी कमी जोरावर चालवलेल्या व्हॅक्यूमने. क्रमांक सुती फितीवर लिहून, ती फीत दोन-चार सैल टाक्यांनी जोडायची, म्हणजे उद्या काढता येते.

घराला काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, हीच मोठी अडचण. कॅन्ससचा उन्हाळा दमट, हिवाळा कोरडा. लाकूड फुगतं, आक्रसतं. आर्द्रता एका आकड्यावर खिळवून ठेवण्यापेक्षा ती झटकन बदलू नये, हे जास्त महत्त्वाचं. त्यात पाहुण्यांच्या बुटांबरोबर धूळ येते आणि लोकरीला कसर लागण्याची भीती असतेच. शंका आली तर कापड पिशवीत बंद करून शून्याखाली 20 अंशांवर किमान आठवडाभर गोठवायचं. औषध फवारण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

झिजलेलं पुन्हा नवं करण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. खुर्चीचा हात घासून गुळगुळीत झालाय, कारण त्यावर कुणाचा तरी हात वर्षानुवर्षं टेकलेला होता. तिथे पॉलिश केलं की तो पुरावाच गेला.

रुमालाच्या नोंदीत शेवटी मी शिफारस लिहिली: मूळ रुमाल आम्लरहित कागदात, पेटीत, अंधारात ठेवावा, खुर्चीवर प्रतिकृती ठेवावी आणि ती प्रतिकृती आहे हे पाहुण्यांना स्पष्ट सांगावं. निर्णय अर्थात संग्रहपालांचा.