रिंगा आता कारखान्यातून येतात

लोअर परळच्या आमच्या साइटवर कापून-वाकवून तयार झालेल्या सळ्यांचा पहिला ट्रेलर मध्यरात्रीनंतर आला. दिवसा अवजड गाड्यांना शहरात मनाई असते. सकाळी पोचलो तर गठ्ठे ओळीने लावलेले, प्रत्येकाला टॅग: मजला, कॉलम नंबर, व्यास, नग. कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणारी एक रिंग उचलून आधी तिच्या टोकाचा हूक पाहिला. बरोबर १३५ अंशांचा. भूकंपासाठीचा भारतीय मानक आयएस १३९२० हेच मागतो आणि आमच्या सळ्या वाकवायच्या यार्डात दुपारी ऊन चढलं की हाच हूक हळूच ९० अंशांवर यायचा. त्यावरून मी आणि फिटरांचा, म्हणजे सळ्या वाकवून बांधणाऱ्यांचा, मुकादम किती वेळा भांडलोय! त्या रिंगा बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवशी मला फिटरांच्या गँगमधली किती माणसं कमी होतील याची यादी वर पाठवायची होती.

मजुरी महागली की मशीन येतं, असा एक सरळ समज आहे. आमच्याकडे फिटरची हजेरी आठ-नऊशे रुपये. तेवढ्यासाठी कोणी कारखान्यातून सळ्या मागवत नाही. खरी अडचण होती जागेची. सळ्या कापायचं-वाकवायचं यार्ड जिथे होतं तिथेच पार्किंगचा रॅम्प उतरणार होता, आणि या प्लॉटवर दुसरीकडे बारा मीटरची सळई आडवी टाकायलासुद्धा जागा नाही. शिवाय हाताने कापताना उरणारे तुकडे भंगारात जातात, ते वाचतं. आणि सगळ्यात वर व्याज. प्रकल्पावरच्या कर्जाचं एका दिवसाचं व्याज आमच्या सगळ्या फिटरांच्या महिन्याच्या मजुरीहून जास्त आहे, हे अकाउंट्सवाल्याने एकदा सहज बोलता बोलता सांगितलं होतं. मुंबईत माणूस स्वस्तच आहे. महाग आहे ती जागा आणि दिवस.

याआधी मिवान शटरिंग आलं तेव्हाही हेच झालं. ॲल्युमिनियमचे साचे, पिन आणि वेज ठोकायची, भिंती आणि स्लॅब एकाच वेळी भरायचे. पंधरा-वीस दिवसांचा मजला आठवड्यावर आला. त्यात नुसते प्लायवूडवाले सुतार गेले नाहीत. भिंतच काँक्रीटची झाल्यावर वीटकाम कुठून राहणार? गवंडी गेला, प्लास्टरवालाही बराचसा गेला. तेव्हा त्याचं फार काही वाटलं नव्हतं. ती माणसं ठेकेदाराची होती, एका संध्याकाळी हिशेब झाला आणि दुसऱ्या दिवशी ती दिसली नाहीत, इतकंच.

मुकादमाला कंटेनर ऑफिसात बोलावलं. परभणीकडचा माणूस. घरात दोन पिढ्या ऊसतोड. उचल घ्यायची आणि कोयता घेऊन कारखान्यावर जायचं. त्याला वाटलं, नेहमीसारखं हूकवरून बोलणं बसणार. मी टनाचा नवा दर सांगितला. कटिंग-बेंडिंग वजा, फक्त बांधणीचा. बावीस जणांपैकी यार्डातले नऊ कमी होतील, वरचे तेरा राहतील, असा माझा हिशेब होता.

तो भडकला नाही. टॅग हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "साहेब, वरचे तेरा कोण अन् खालचे नऊ कोण, बघितलं का तुम्ही?"

मी नावं वाचून दाखवली.

"नावं नाही म्हणालो. वय बघा."

मग त्यानेच एकेक सांगायला सुरुवात केली. बेंडिंगच्या पाट्यावर असणाऱ्या मामांच्या गुडघ्याची वाटी गेलेली. ते पंचविसाव्या मजल्यावर कॉलमच्या जाळीत चढू शकत नाहीत. कटिंगवरचे दोघे पन्नाशीचे. रिंगा मोजून बंडल बांधणाऱ्या दोन बायका, त्यांतली एक पडून मेलेल्या फिटरची बायको. तो अपघात दुसऱ्या साइटवरचा. उरलेली चार अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, यंदाच आलेली. "पोरगं आलं की आधी रिंगाच वाकवतं. तिथंच त्याला बीबीएस वाचता येतं, कुठली सळई कुठं जाती ते कळतं. मग वर जातं. अन् वरून थकलं की परत खाली येतं. तुमी मधलं तेवढं ठेवायलेत."

बीबीएस म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता. तो मी रोज सही करून देतो. यार्ड म्हणजे फिटरांची शाळा आणि पेन्शन दोन्ही आहे, हे त्या कागदात कुठल्याच रकान्यात येत नाही. वर पाठवायच्या तक्त्यात रकाने तीनच होते: कुशल, अर्धकुशल, अकुशल. गुडघ्याला रकाना नाही.

आमची साइट गिरणीच्या जमिनीवर आहे. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, १९८२च्या संपाने बाहेर पडलेल्या लाखोंपैकी एक. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत म्हणून मालक अडून बसले तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या होत्या. एका छपराखाली हजारो माणसं होती म्हणून ते जमलं. इथे बावीस जण, तेही ठेकेदाराच्या पोटठेकेदाराचे. संप कोणाविरुद्ध करायचा? आणि खेड्यातून निघालेल्याला आता गिरणीही नाही. २०२२-२३च्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात कारखानदारीपेक्षा बांधकामावर जास्त माणसं आहेत. शेतातून थेट स्लॅबवर. मुकादमाच्या गावाकडे ऊसतोडणीचं हार्वेस्टर दिसायला लागलंय. सगळा ऊस अजून त्याने तोडत नाहीत, पण परतीची वाट अरुंद झालीय हे त्यालाही माहीत होतं.

दुपारी मी प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेलो. टॅग जुळवून, मजल्यानुसार गठ्ठे लावून क्रेनला द्यायला माणसं लागतीलच, ती यार्डातलीच घ्या, एवढं म्हणणं. चार मागितली, तीन मिळाली. मामा आणि दोन्ही बायका. चारपैकी दोन पोरांना मुकादमाने स्वतःच्या जोखमीवर वर घेतलं. सेफ्टीवाल्याने हार्नेसचं प्रशिक्षण पुरं होईपर्यंत त्यांना थांबवलं, ते योग्यच केलं. उरलेली दोघं आणि कटिंगवाले बदलापूरकडे गेले. तिथे सात मजली इमारती अजून हातानेच वाकवलेल्या सळ्यांवर उभ्या राहतात. जाताना कटिंगवाल्यांनी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मागितला. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचं नूतनीकरण त्याशिवाय होत नाही. ठेकेदार महिनाभर टाळत होता. मी हजेरीपट काढून त्याला समोर बसवून सही घेतली.

दरावर मात्र मुकादम संध्याकाळपर्यंत बसून राहिला. टनाला थोडं वाढवून घेतलं आणि टॅग जुळवायचं काम बांधणीत धरायचं नाही, त्याचा दर वेगळा, हे वर्क ऑर्डरवर लिहूनच घेतलं. मला तो हट्ट वाटला. पुढच्या महिन्याच्या बिलात क्वांटिटी सर्व्हेअरने ती ओळ खोडली, तेव्हा मुकादमाने खिशातून घडी घातलेली झेरॉक्स काढून त्याच्या टेबलावर ठेवली. पैसे पूर्ण मिळाले.